उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरहून विमानप्रवास: अंतराचा आणि वेळेचा हिशेब

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील तीन शहरांपैकी एकातही प्रवासी विमानतळ नाही. तरीही या शहरांपासून राज्यातील कोणत्याही शहराचे हवाई अंतर आणि त्यासाठी लागणारा उड्डाणकाळ यांचे आकडे मोबाइलवर क्षणात मिळतात. उल्हासनगर ते नागपूर सुमारे ६५५ किलोमीटर आणि उल्हासनगर ते कोल्हापूर सुमारे ३०० किलोमीटर असे ते आकडे असतात, आणि या अंतरांना ताशी ८०० किलोमीटर या जेट विमानाच्या ढोबळ वेगाने भागले की अनुक्रमे पन्नास मिनिटे आणि तेवीस मिनिटे असा वेळ निघतो. भागाकार म्हणून हे उत्तर बरोबर आहे, परंतु लग्नाला, दुकानाच्या खरेदीला किंवा रुग्णालयातील नातेवाइकाला भेटायला निघालेल्या माणसाने त्यावर विसंबून तिकीट काढले तर त्याचा अर्धा दिवस हिशेबाबाहेर राहतो. विमानात बसण्याआधीचा आणि विमानातून उतरल्यानंतरचा वेळ या तीन शहरांच्या बाबतीत प्रत्यक्ष उड्डाणाहून कितीतरी मोठा असल्यामुळे तो मोजण्याची रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

नागपूर आणि कोल्हापूर ही दोन शहरे येथे उदाहरणासाठी घेतली आहेत, कारण या परिसराचे त्यांच्याशी जुने व्यवहार आहेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे जशी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसली आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, तशीच ती नागपूरच्या जरीपटक्यात आणि कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातही स्थिरावली. गांधीनगर ज्या वळिवड्याच्या जागेवर उभे राहिले तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. उल्हासनगर आणि गांधीनगर ही दोन्ही कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असल्याने नात्यांना व्यापाराचीही जोड मिळाली. अंबरनाथ आणि नागपूरलगतचे अंबाझरी या दोन्ही ठिकाणी आयुध निर्माणी असल्यामुळे नोकरदारांनाही हा मार्ग परका नाही.

प्रथम अंतराचा विचार करावा. दोन ठिकाणांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेची लांबी होय, आणि ही वाट ज्या वर्तुळाचा भाग असते, त्याचे केंद्र पृथ्वीच्याच केंद्राशी जुळत असल्यामुळे त्याला बृहद्वृत्त म्हणतात. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश व रेखांश माहीत असले की ही लांबी काढता येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंत ती सुमारे ६८३ किलोमीटर भरते आणि कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापर्यंत सुमारे ३०८ किलोमीटर भरते. विमानवाहतुकीत मात्र हेच अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तो अक्षांशाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाइतका असल्यामुळे नकाशावर मोजायला सोपा पडतो. या मापाने मुंबई–नागपूर अंतर सुमारे ३६९ सागरी मैल होते, आणि वैमानिक वेगासाठी जो नॉट हा शब्द वापरतात त्याचा अर्थ तासाला एक सागरी मैल असा आहे.

नकाशावर मुंबई विमानतळ आणि नागपूर विमानतळ यांना जोडणारी रेषा आखली तर ती अंबरनाथ–उल्हासनगरच्या अगदी जवळून जाते, ही गोष्ट येथील प्रवाशाने आवर्जून ध्यानात घ्यावी. याचा अर्थ असा की नागपूर पूर्वेला असताना उल्हासनगरचा प्रवासी आधी पश्चिमेकडे जातो, सरळ रेषेत मोजले तरी ३४ किलोमीटर जातो, आणि मग विमान त्याला जवळजवळ त्याच्याच शहराच्या दिशेने परत आणून पुढे नेते. बदलापूरकरासाठी हेच उलट दिशेचे अंतर ४२ किलोमीटर आहे. हवाई अंतराच्या कोष्टकात ही माघार कोठेच दिसत नाही.

आता वेळ. तिकिटावर छापलेली निघण्याची वेळ ही विमानाने जमीन सोडण्याची वेळ नसून विमान थांब्यावरून हलण्याची वेळ असते, आणि पोहोचण्याची वेळ ही उतरण्याच्या ठिकाणी विमान थांब्याला लागण्याची असते. या दोहोंमधील कालावधीला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, उड्डाणाच्या रांगेत थांबणे, चढणे, समतल उडणे, उतरणे आणि पुन्हा थांब्यापर्यंत येणे हे सर्व धरलेले असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि देशातील अत्यंत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाचा सारा भार एका वेळी एकाच पट्टीवर पडतो. वर्षाच्या बहुतेक काळात वारा पश्चिमेकडून येत असल्याने विमाने पश्चिमेकडे तोंड करून समुद्रावर उड्डाण करतात आणि नागपूरला जाणाऱ्या विमानाला त्यानंतर वळसा घेऊन पूर्वेकडे यावे लागते. या सर्व कारणांमुळे किलोमीटरमधील अंतराला ८०० ने भागून आलेल्या वेळेत तीस ते चाळीस मिनिटे मिळवावीत हा देशांतर्गत जेट विमानांसाठीचा उपयोगी ठोकताळा आहे, आणि त्याप्रमाणे मुंबई–नागपूरचा ब्लॉक टाइम सुमारे दीड तास येतो. कंपन्यांच्या वेळापत्रकातही तो साधारण तेवढाच असतो.

जवळच्या शहरांना विमानाने जाताना वेळ अंतराच्या प्रमाणात का वाचत नाही, याचे उत्तर चढण्या-उतरण्यात आहे. जेट विमानाला पूर्ण उंची गाठायला साधारण वीस मिनिटे लागतात आणि तेवढ्यात ते सुमारे दोनशे किलोमीटर पुढे गेलेले असते. उतरणेही मुक्कामाच्या जवळजवळ तितकेच अलीकडे सुरू होते. म्हणून ६८३ किलोमीटरच्या नागपूर मार्गावर पूर्ण उंचीवरचा वेगवान प्रवास अर्ध्याहून कमी राहतो, आणि ३०८ किलोमीटरच्या कोल्हापूर मार्गावर तो जवळजवळ उरतच नाही, विमान चढते आणि लागलीच उतरू लागते. कोल्हापूरचे अंतर नागपूरच्या निम्म्याहून कमी असूनही ब्लॉक टाइम मात्र तासाच्या आसपास राहतो तो यामुळेच. लहान शहरांना जोडणारी पंख्याची एटीआर विमाने ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जातात, परंतु इतक्या लहान पल्ल्यात जेट आणि एटीआर यांच्या वेळेत काही मिनिटांचाच फरक पडतो.

वाऱ्याचा परिणाम यापुढे किरकोळ म्हणावा असा आहे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना ते पाठीशी आणि परतताना समोरून येतात. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याने या मार्गावर जाण्या-येण्यात पाच-सहा मिनिटांचा फरक पडतो. पावसाळ्यात उंचावरचे वारे पूर्वेकडून वाहू लागतात आणि हा फरक उलटा होतो.

या परिसराला आता दोन विमानतळांचा पर्याय आहे आणि निवड करताना सरळ रेषेतील अंतर फसवे ठरते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळापासून उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरे सरळ रेषेत जवळपास सारख्याच, म्हणजे २७ किलोमीटरच्या आसपास अंतरावर आहेत, तर मुंबईच्या विमानतळापासून ती अनुक्रमे ३४, ३६ आणि ४२ किलोमीटरवर आहेत. परंतु अंबरनाथ–बदलापूर आणि पनवेल यांच्या मध्ये मलंगगड, चंदेरी आणि माथेरान यांची डोंगररांग आडवी उभी आहे, आणि रस्त्याला तिला वळसा घालून काटई नाका, शिळफाटा, तळोजा या वाटेने जावे लागते. त्यामुळे २७ किलोमीटरचे प्रत्यक्षात चाळीस ते पन्नास किलोमीटर होतात, आणि कल्याण–शिळ रस्त्यावरची कोंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना या किलोमीटरांचे मोल निराळे सांगायला नको. बडोद्याहून जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारा द्रुतगती मार्ग बदलापूरजवळच्या डोंगरातून बोगद्याने मोरब्याकडे उतरतो. तो आणि कर्जत–पनवेल उपनगरी रेल्वे या दोन कामांवर बदलापूरकरांचे नवी मुंबई विमानतळाशी असलेले खरे अंतर पुढील काळात ठरणार आहे.

या संदर्भात नेवाळीचाही उल्लेख करणे उचित होईल. अंबरनाथ आणि कल्याण यांच्या मध्ये, मलंगगडाच्या रस्त्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली होती. युद्ध संपले, धावपट्टी वापरातून गेली, जमीन संरक्षण खात्याकडे राहिली, आणि जून २०१७ मध्ये नौदलाच्या कुंपणाच्या कामावरून तेथे शेतकऱ्यांचे उग्र आंदोलन झाले. जमीन युद्धापुरती घेतली होती, हे त्या शेतकऱ्यांचे म्हणणे आस्थेने ऐकून घेण्याजोगे आहे. विमानतळ दारात असावा ही इच्छा व्यक्त करताना त्याची किंमत कोणी मोजली याचा विसर पडू नये.

मुंबई विमानतळाला जाण्यासाठी रेल्वे आणि मेट्रो यांचा जोडप्रवास आज सर्वांत भरवशाचा आहे. बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरहून जलद लोकलने घाटकोपरला उतरावे, तेथे मेट्रो १ ने वर्सोव्याच्या दिशेने चौथ्या स्थानकावर, मरोळ नाक्याला जावे, आणि तेथे भूमिगत मेट्रो ३ मध्ये बदलून दक्षिणेकडे जाणारी गाडी धरावी. पुढचेच स्थानक टर्मिनल २ चे आहे आणि त्यानंतर सहार रोड सोडून टर्मिनल १ चे स्थानक येते. लोकलला तासाभराचा, दोन्ही मेट्रोंना बदलण्याच्या वेळेसह पाऊण तासाचा आणि घरापासून स्थानकापर्यंत पंधरा-वीस मिनिटांचा वेळ धरला तर घर ते विमानतळ दोन तास होतात. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ ही एकमेकांपासून काही किलोमीटर दूर असल्यामुळे तिकिटावर कोणते टर्मिनल लिहिले आहे ते निघण्यापूर्वी वाचावे. आता त्याआधी विमानतळाचे संक्षिप्त नावही वाचणे आवश्यक झाले आहे, कारण बीओएम म्हणजे मुंबई आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबई, आणि चुकीच्या विमानतळावर पोहोचलेल्याला त्या दिवशीचे विमान मिळणे कठीण असते. नवी मुंबईसाठी ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर मार्गाने बेलापूर किंवा पनवेल गाठावे आणि पुढे रस्त्याने जावे.

रविवारी निघणाऱ्याने मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकची सूचना आदल्या दिवशी पाहावी आणि एक तास जादा धरावा. गर्दीच्या वेळी सकाळच्या मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मोठी बॅग घेऊन चढणे बदलापुरात शक्य असले तरी उल्हासनगरला ते अवघड होते, म्हणून उल्हासनगर आणि विठ्ठलवाडीच्या प्रवाशांनी सामान मोठे असल्यास अंबरनाथहून सुटणारी लोकल धरावी किंवा कल्याणहून सुटणाऱ्या गाडीचा विचार करावा. देशांतर्गत स्वस्त तिकिटावर सामानाची मर्यादा बहुधा १५ किलो आणि हातातल्या बॅगेची ७ किलो असते. कापडाचे नमुने नेणाऱ्या व्यापाऱ्यांनी घरीच वजन करून निघावे, कारण विमानतळावरील जादा वजनाचा दर कधी कधी तिकिटाच्या जवळ जातो.

बहुतेक कंपन्यांचा चेक-इन काउंटर, म्हणजे सामान स्वीकारून बसण्याचा पास देणारी खिडकी, विमानाच्या वेळेच्या साठ मिनिटे आधी बंद होते आणि विमानात चढण्याचे दार पंचवीस मिनिटे आधी. सुरक्षा तपासणीची रांग ध्यानात घेता दोन तास आधी विमानतळावर असणे योग्य, आणि केवळ हातातली बॅग असेल व पास मोबाइलवर आधीच घेतला असेल तर दीड तास पुरतो.

आता नागपूरचा पूर्ण हिशेब मांडता येतो. घर ते विमानतळ दोन तास, विमानतळावर पावणेदोन ते दोन तास, ब्लॉक टाइम दीड तास, उतरून सामान घेऊन बाहेर येण्यास अर्धा तास, आणि शहराच्या दक्षिणेला सोनेगावजवळ असलेल्या विमानतळापासून उत्तरेला जरीपटक्यापर्यंत पाऊण तास. नागपूर मेट्रोची ऑरेंज मार्गिका विमानतळ स्थानकावरून सीताबर्डीमार्गे इंदोरा चौकापर्यंत जात असल्याने शेवटचा टप्पा सोपा झाला आहे. एकूण साडेसहा तासांच्या आसपास हा प्रवास होतो, आणि त्यात पूर्ण उंचीवरचे वेगवान उड्डाण अर्ध्या तासाहून कमी असते. तुलनेने कल्याणहून रात्री विदर्भ एक्सप्रेसने निघालेला प्रवासी साधारण तेरा तासांनी सकाळी नागपूरला उतरतो, तर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, ज्याचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, भिवंडी तालुक्यातल्या आमण्याला, म्हणजे उल्हासनगरपासून फार दूर नाही अशा ठिकाणी सुरू होतो आणि मोटारीने विश्रांतीसह नऊ-दहा तासांत नागपूर गाठून देतो. दिवस वाचवायचा असेल तर नागपूरसाठी विमान घेणे योग्य. चौघांचे कुटुंब सामानासह निघाले असेल तर महामार्गाचा विचार जरूर करावा.

कोल्हापूरचा हिशेब वेगळा निघतो. विमानाने तेथेही घरापासून घरापर्यंत साडेपाच तास लागतात, कारण जमिनीवरचा चार-साडेचार तासांचा वेळ अंतर कमी झाले म्हणून कमी होत नाही. उलट महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री कल्याणला मिळते आणि सकाळी कोल्हापूरला उतरवते. सुमारे ४६० किलोमीटरच्या या प्रवासाला दहा तास लागत असले तरी ते झोपेचे तास असतात आणि कामाचा दिवस संपूर्ण हाती राहतो. शिवाय लहान शहरांच्या विमानसेवांचे दिवस आणि वेळा हंगामागणिक बदलतात. मार्चच्या अखेरच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या अखेरीस हिवाळी वेळापत्रक लागू होते, त्यामुळे या तारखांच्या पलीकडच्या प्रवासाचे तिकीट काढल्यास वेळ पुन्हा तपासावी. कोल्हापूरला सकाळी जाऊन त्याच दिवशी परतायचे असेल, किंवा रात्रीचा रेल्वेप्रवास न झेपणाऱ्या वृद्धांना न्यायचे असेल, तेव्हाच विमान सोयीचे. एरवी या तीन शहरांतील माणसाने कोल्हापूरसाठी रेल्वेच पसंत करावी.

पावसाळ्यात दोन्ही साधनांना मर्यादा येतात. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात हीच महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बोटी व हेलिकॉप्टरांच्या मदतीने सुखरूप बाहेर काढावे लागले. मुसळधार पावसात मुंबईला उतरणारी विमानेही आकाशात घिरट्या घालतात किंवा दुसऱ्या शहराकडे वळवली जातात. याशिवाय पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेका दिवशी मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी काही तास बंद ठेवल्या जातात. ती तारीख आधीच जाहीर होत असल्याने तिकीट काढताना पाहून घ्यावी.

ब्लॉक टाइमचा आणखी एक उपयोग प्रवाशाच्या हक्काशी निगडित आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार कंपनीने पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केले तर भरपाईची कमाल रक्कम ब्लॉक टाइमवर ठरते: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये आणि त्याहून अधिक वेळाच्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. नागपूरचे उड्डाण यातील दुसऱ्या गटात मोडते. हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रण अशा कंपनीच्या हाताबाहेरील कारणांसाठी ही भरपाई मिळत नाही, परंतु अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल तर विमानतळावर वेळेत हजर असलेल्या प्रवाशाला खाण्यापिण्याची सोय मागता येते. ती मागावी, मागितल्यावाचून ती पुष्कळदा मिळत नाही.

शेवटी उड्डाणाची वेळ निवडण्याविषयी. पहाटे सहाचे तिकीट स्वस्त दिसले तरी त्यासाठी चारच्या सुमारास विमानतळावर पोहोचावे लागते आणि त्या वेळी मेट्रो सुरू झालेली नसते, लोकल नुकती सुरू होत असते. म्हणजे टॅक्सीचे भाडे तिकिटात मिळवूनच ते स्वस्त की महाग हे ठरवावे. परतीच्या प्रवासात मुंबईला रात्री दहापर्यंत उतरणारे विमान घ्यावे, कारण मेट्रो अकराच्या सुमारास थांबते आणि मध्यरात्रीनंतर कर्जतकडची शेवटची लोकल गेली की पहाटेपर्यंत दुसरी नसते. त्यानंतर उतरणाऱ्या बदलापूरच्या प्रवाशाने विमानतळावरूनच अधिकृत टॅक्सी ठरवावी आणि घरी तसे कळवून ठेवावे.